पानाबाहेरचा माणूस

...नाही, पण मला एक सांगा, कपाट तुमचं, आतले कपडे तुमचे, तुमच्याच मापाने शिवलेले, आणि एक दिवस अंघोळ करून टॉवेलवर येता तर कपाटाला कुलूप! कुलपावर चिठ्ठी, आपली मुदत संपली आहे. कुणाची मुदत? माझी? अहो, मी इथे ओला उभा आहे, धडधाकट आहे, आणि मला फक्त माझा शर्ट पाहिजे! ...हसा, हसा. मीही हसायचो. हे दुसऱ्याच्या बाबतीत झालं ना, की ऐकायला फार मजा येते.

माझ्या बाबतीत कपाट नव्हतं, कॉम्प्युटर होता. थांबा, मी काय करतो ते आधी सांगतो, नाहीतर आमच्या सासऱ्यांसारखं तुम्हीही मध्येच विचाराल, "म्हणजे जावईबापू, तुम्ही नक्की करता काय?" मी डिझायनर आहे. फ्रीलान्स. म्हणजे नोकरी नाही, साहेब नाही, पण ज्याचं ज्याचं म्हणून दुकान आहे तो प्रत्येक जण माझा साहेब. दुकानाचं चिन्ह, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, खोका, पिशवी, पाटी... तुम्ही जे रोज बघता आणि बघितलं हेसुद्धा लक्षात ठेवत नाही, ते सगळं कुणीतरी मान मोडून काढलेलं असतं, त्यातला मी एक. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि माझ्या खुर्चीच्या बरोब्बर मागे दिवाण, त्यावर दुपारचे सासरे झोपलेले. ते दिवाणाचं जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर हे काम ज्या सॉफ्टवेअरवर करायचं ते आता विकत मिळत नाही. पूर्वी मिळायचं, एकदा आणलं की आपलं, कॉम्प्युटर मरेपर्यंत. आता भाड्याने! बरं, घर भाड्याने घेतलं तर निदान सोडताना आपलं सामान उचलून नेता येतं. इथे सामान तुम्हीच बनवायचं, पण ते उघडायचं त्यांच्याच घरात. आणि झालं काय, माझ्या कार्डाची तारीख संपली. बँकेने नवीन पाठवलेलं, ते शेजाऱ्यांनी घेऊन ठेवलेलं, आणि शेजारी बाहेरगावी. सकाळी मी फाइल उघडतो तर समोर पांढरी चौकट, "आपले सदस्यत्व संपले आहे." फाइल दिसतेय हो! नाव दिसतंय, तारीख दिसतेय, उघडत नाही. खोकल्याच्या औषधाचं लेबल, मी काढलेलं, त्यातला टिंब न् टिंब माझा, छापखान्यातून फोनवर फोन, आणि मी माझ्याच कामाच्या दारात चपला काढून उभा! तुम्हाला सांगतो, काम माझं, किल्ली त्यांची.

शेजारी आले, कार्ड आलं, कुलूप उघडलं. तर स्क्रीनवर "पुन्हा स्वागत आहे!" आणि फुगे उडतायत. रंगीत फुगे! माणसाला दोन दिवस उन्हात उभं करायचं, छापखान्यासमोर त्याची शोभा करायची, आणि मग फुगे सोडायचे... माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं की इथून निघायचं.

आणि बघा, नेमकी त्याच आठवड्यात आम्हा डिझायनर लोकांची सभा. विषय काय, तर "सदस्यत्व संपल्यावर आपले काम कसे वाचवावे". म्हटलं, हे तर माझ्याच घरातून उचललेलं दिसतंय! बोलायला एक बाई होत्या, मोठ्या चष्म्याच्या, आवाज अगदी डॉक्टरसारखा शांत. म्हणाल्या, घाबरायचं कारण नाही, मुदत संपायच्या आधी आपलं सामान बाहेर काढा. प्रत्येक कामाची अशी प्रत काढून ठेवा की ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. अक्षरांच्या रेघा करून ठेवा, कारण अक्षरंसुद्धा त्यांचीच असतात, जाताना काढून घेतील. आणि सगळं स्वतःच्या घरात ठेवा, कंपनीच्या क्लाउडवर नको. बाईंचा एकही शब्द चुकला नाही हो, मी आजही सांगतो. शेवटी म्हणाल्या, "कुणाला काही शंका?" आता सभेत शंकांची वेळ कधी येते, तर बाहेर चहाचे कप वाजायला लागतात तेव्हा. सगळ्यांच्या माना दाराकडे. मला एक शंका यायला हवी होती, ती आली नाही, कारण मीही कपांकडेच बघत होतो.

घरी येऊन जाहीर करून टाकलं की आजपासून आपण स्वतंत्र. बायको रक्त-बिक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, तिच्या जगात बाटलीवर नाव नसेल तर ती बाटलीच नाही, तिला हे फारच पसंत पडलं. सुट्टीचे दोन्ही दिवस आम्ही कॉम्प्युटरसमोर, मी फाइल उघडणार, प्रत काढणार, ती नाव घालणार. माझी नावं कशी, "शेठ चिडले ते", "त्यानंतरचं", "हेच घ्या आता", "घ्या म्हटलं ना". ती म्हणाली, आमच्याकडे असं लिहिलं तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाईल. सासरे मागून बघतायत. त्यांनी आयुष्यभर लिफ्ट तपासल्या, सरकारी तपासनीस होते, त्यांचं जग फार सोपं. लिफ्ट वर जाते, खाली येते, दार लागतं, केली सही. मला म्हणाले, "हे सगळं तुम्ही आधी काढलेलंच आहे ना? मग आता परत काय काढताय?" म्हटलं, बाबा, कंपनीकडून बाहेर काढतोय. "काम तुमचं, मग कंपनीकडे ठेवलंत कशाला?" मी नव्या प्रतीला नाव घालायला सांगितलं, आणि ते कूस बदलून झोपले.

सगळं काढून झालं. बायकोने घराला कुलूप लावताना विचारतात तसं विचारलं, "सगळं घेतलंस ना?" म्हटलं, सगळं! आणि रद्द करायचं बटण दाबलं. अहो, काय त्यांचा जीव तुटला! "आपण खरंच जाताय?" हो. "कारण सांगाल का?" नाही. "अर्ध्या भाड्यात राहता का?" नाही! "निदान महिनाभर?" बायको म्हणाली, लग्नाआधी तूसुद्धा माझ्या इतक्या विनवण्या केल्या नव्हत्यास. मग मी एक फुकटातलं सॉफ्टवेअर घेतलं, जरा अडखळतं, मध्येच रुसतं, पण आपलं. पुढे कंपनीची पत्रं यायला लागली, क्लाउडवरच्या आपल्या फाइल्स आम्ही अमुक तारखेला काढून टाकणार आहोत, लवकर परत या. मी वाचायचो आणि हसायचो. काढा म्हटलं, खुशाल काढा! माझं सामान माझ्या घरात आहे. आणि ती तारीख आली, गेली, मी त्या दिवशी मुद्दाम चहा जास्त वेळ घेतला.

इथपर्यंत सगळं झकास. ...मग आला गादीशेठचा फोन.

गादीशेठ म्हणजे गाद्यांचे दुकानदार. आदल्या वर्षी त्यांच्या दुकानाचं चिन्ह मीच केलं होतं, आणि ते कसं झालं ते सांगितल्याशिवाय तुम्हाला माझं दुःख कळायचं नाही. गादीच्या दुकानाला चिन्ह काय द्यायचं? मी टेबलाशी बसलोय, डोकं चालत नाहीये, दुपारची वेळ, खुर्ची फिरवली, तर मागे सासरे झोपलेले. एक हात गालाखाली, एक गुडघा वर घेतलेला, एक पाऊल दिवाणाच्या बाहेर. आणि चेहऱ्यावर... काय सांगू तुम्हाला, जगातल्या सगळ्या लिफ्ट नीट चालल्यासारखं समाधान! मी परत वळलो आणि काढलं. एका रेघेत. कानापासून निघाली, कपाळाला वळसा घालून खांद्यावरून उतरली, कमरेत जरा विसावली, गुडघ्यावर चढली आणि पायाच्या अंगठ्यावर येऊन थांबली. मध्ये कुठे उचलली नाही, कुठे खोडली नाही. इतकी वर्षं हे काम करतोय, पण इतकी सोपी रेघ माझ्या हातून आधी कधी आली नव्हती. मी स्वतःशीच हसत बसलो होतो, खोटं नाही सांगत.

ती पाठवली. शेठचं उत्तर, "आर्टिस्ट, हा माणूस आजारी वाटतोय, लोक समजतील दवाखाना आहे." बरं. मग पीस काढून दिलं. "पीस हलकं असतं, आपली गादी वजनदार आहे." मग चंद्र. "चंद्र कशाला, आपण दिवसा विकतो." मेंढी काढली. मेंढीला म्हणाले, "आपण कापूस वापरतो." शेवटी कंटाळून मी नुसती दुकानाच्या नावाची जाडजूड अक्षरं दिली, जरा फुगलेली, उशीसारखी. "वा! हे बघा कसं साधं आहे!" साधं म्हणजे काय, माझ्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. झालं, अक्षरं पसंत, काम संपलं.

आता आमच्या धंद्यातली एक खोड सांगतो, ही तुम्हाला बाहेरच्या कुणी सांगितली नसेल. आम्ही काही टाकून देत नाही. कॉम्प्युटरवर पान असतं, कागदाएवढं, आणि त्या पानाच्या चारी बाजूंना मोकळी जागा असते, टेबलासारखी. जे नापसंत झालं ते आम्ही पानावरून उचलतो आणि बाजूला सारतो. पुढेमागे लागेल! घरात बाल्कनी असते ना, जुना पंखा, मोडकी सायकल, तसं. त्यामुळे माझ्या कुठल्याही फाइलमध्ये पानावर एकच चित्र, गिऱ्हाइकाला आवडलेलं, आणि पानाबाहेर अख्खं गाव! तिथेच पीस, तिथेच चंद्र, तिथेच मेंढी, आणि सगळ्यात लांब, एका टोकाला, आमचे सासरे.

तर शेठचा फोन. "आर्टिस्ट, हमरस्त्यावर नवीन दुकान घेतलं, दुमजली. रविवारी उद्घाटन. बारा फुटी पाटी लावायचीय." म्हटलं, अभिनंदन, अक्षरांची फाइल लगेच पाठवतो. "अक्षरं नकोत हो. आमच्या आईने घोळ घातलाय." त्यांच्या आई, वय झालंय, पण दुकानाचं पान त्यांच्याशिवाय हलत नाही. शेठ म्हणाले, तुम्ही पहिल्यांदा पाठवलेलं चित्र तिच्या फोनमध्ये होतं, ते बघून म्हणाली, ही अक्षरं कसली लावलीस, झोपलेला माणूस कुठे गेला? त्याच्याकडे बघितलं की मला जांभई येते, गादीच्या दुकानाला अजून काय पाहिजे? "तर काय आहे आर्टिस्ट... पहिलंच बरं होतं."

पहिलंच बरं होतं! अहो, ह्या तीन शब्दांसाठी आमच्या धंद्यात माणसं म्हातारी होतात, आणि मला ते ऐकायला मिळाले! मी हवेत. म्हटलं, शेठ, आजच देतो. ते म्हणाले शुक्रवारी पाटीवाल्याचं मशीन लागणार आहे, त्याच्या आत द्या, नाहीतर माझा भाचा आहे, तो फोनवर पटकन काहीतरी करून देतो. भाचा! म्हटलं, भाच्याला त्रास देऊ नका, माझ्याकडे सगळं जपून ठेवलेलं आहे.

फोल्डर उघडला. बायकोने काय सुंदर नावं दिलेली, दुकान, वर्ष, काम, एका नजरेत सापडलं. उघडलं. मधोमध जाडजूड अक्षरं. आता जरा लांब जाऊ म्हटलं, पानाच्या बाहेर... बाहेर पांढरं. अजून लांब गेलो. पांढरं. उजवीकडे गेलो, डावीकडे गेलो, अक्षरं मुंगीएवढी झाली, तरी पांढरंच. मेंढी नाही, चंद्र नाही, सासरे नाहीत!

आणि मग लक्षात आलं. प्रत काढताना फक्त पानावरचं येतं, पानाबाहेरचं येत नाही. तुम्ही म्हणाल, हे तुला माहीत नव्हतं का? होतं हो! रोज छापखान्याला असंच तर पाठवतो. म्हणूनच नको ते पानाबाहेर ठेवतो, चुकून छापून येऊ नये म्हणून! दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली, सगळीकडे तेच, पान स्वच्छ, बाहेर वाळवंट. म्हणजे बघा, इतक्या वर्षांत लोकांनी निवडलेलं सगळंच्या सगळं माझ्याकडे शाबूत, आणि मला आवडलेलं त्यातलं एकही नाही. तेव्हा मात्र मला रडू आलं, मी लपवत नाही. बायको मागे येऊन उभी राहिली, बघितलं, आणि हळूच म्हणाली, "बाहेरचं घेतलंच नाहीस तू?" ओरडली असती तर परवडलं असतं.

मग कंपनीच्या दारात. तिथे माणूस नसतो, यंत्र बोलतं, अगदी गोड. मी लिहिलं, माझ्या फाइल्स पाहिजेत. "आपली अडचण मी समजू शकते." म्हटलं, समजू नका, द्या. "आपल्या फाइल्स नियमानुसार काढून टाकण्यात आल्या आहेत." म्हटलं, पुन्हा भाडं भरतो, वर्षाचं भरतो. "आपले पुन्हा स्वागत आहे!" आणि फुगे! म्हटलं, मग फाइल्स? "फाइल्स नियमानुसार काढून टाकण्यात आल्या आहेत. मी आणखी काही मदत करू शकते का?" आता आणखी काय मदत करणार, बाई, दोर आणून देणार का? तुम्हाला सांगतो, काम माझं, किल्ली त्यांची, आणि आता तर खोलीही पाडलेली.

मग सुचलं, शेठच्या आईच्या फोनमध्ये आहे की ते चित्र! मागवलं. आलं. ...अंगठ्याच्या नखाएवढं. आणि त्यावर आडवं, तिरकं, जाड अक्षरात "नमुना". कुणी लिहिलं? मी! गिऱ्हाइकाने पसंत करण्याआधी चित्र पळवू नये म्हणून आम्ही ते बारीक करून पाठवतो आणि वर शिक्का मारतो. नेमका "मु" सासऱ्यांच्या कमरेवर आणि "ना" गुडघ्यावर. रेघेतलं जे काही होतं ते सगळं त्या शिक्क्याखाली. पाटीवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, "साहेब, बारा फुटांवर ह्याचे नुसते ठिपके होतील. मशीन रेघेवरून चालतं, मला रेघ द्या." मी म्हटलं, अरे, रेघच तर गेली! म्हणजे बघा कसं आहे, माझं काम मी असं जपलं, असं जपलं, की गिऱ्हाइकाला मिळालं नाही, चोराला मिळालं नाही, आणि मलाही मिळालं नाही.

मग आठवून काढायला बसलो. बुधवार सबंध त्यात. काढतोय, खोडतोय. एक रेघ यायची तर ती माणूस वाटायची पण झोपलेला नाही. दुसरी झोपलेली वाटायची पण माणूस नाही, पोतं! खुर्चीतून उठ, पाणी पी, बस, खुर्ची फिरव... बायको म्हणाली, अरे, इतका जीव का काढतोस, मूळ माणूस घरातच आहे की.

अहो, खरंच की! पण आता अडचण अशी, की सासऱ्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे कसं सांगायचं, बाबा, तुम्ही झोपला होतात तेव्हा मी तुमचं गादीचं चिन्ह केलं? तरी धीर करून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं, आता पेटी भरतात. तर म्हणाले, "बारा फूट?" म्हटलं, हो. "हमरस्त्यावर?" हो, बाबा. "मग ह्या शर्टावर नको," आणि उठून आत गेले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस विंचरून आले आणि दिवाणावर ताठ आडवे झाले. अगदी ताठ! डोळे मिटलेले, पण पापण्या फडफडतायत. म्हटलं, बाबा, सैल सोडा. "सैलच आहे." म्हटलं, गुडघा वर घ्यायचात तुम्ही. "कुठला?" म्हटलं, डावा. घेतला. "इतका पुरे?" म्हटलं, बाबा, झोपा! "तुम्ही बघत असताना कसं झोपणार?"

आता बघा, हा माणूस गेली तीन वर्षं रोज दुपारी माझ्या मागे झोपतोय, मिक्सर चालू असताना झोपतोय, मी फोनवर भांडत असताना झोपतोय, खाली रस्ता खणत होते तेव्हा झोपला! आणि आज, ज्या दिवशी माझा जीव टांगणीला लागलाय, त्या दिवशी झोप नाही. शेठला कळलं, त्यांनी लगेच कोरी गादी पाठवली, दुकानातली सगळ्यात भारी. दोन माणसांनी ती हॉलमध्ये आणली, तिचा तो मोठा खाकी वेष्टणाचा कागद जमिनीवर पसरलेला, सासरे गादीवर. "मऊ आहे." म्हटलं, हो, बाबा. "जरा जास्तच मऊ आहे." हो. "दर पाच मिनिटांनी तुम्ही पुढे येऊन बघू नका." बायकोने पडदे ओढले, दूध दिलं, पंखा कमी केला, जास्त केला. काही नाही. शुक्रवार दुपार. पाटीवाल्याचा फोन, साहेब, मशीन तापवू का? शेठचा फोन, आर्टिस्ट, भाच्याला विचारून ठेवू का?

मी हात टेकले. पेन्सिल टाकली, तिथेच कागदावर मांडी घालून बसलो आणि बोलायला लागलो. म्हणजे हेच, जे तुम्हाला सांगतोय ना, तेच सगळं त्यांना सांगायला लागलो, पहिल्यापासून. की बाबा, पूर्वी सॉफ्टवेअर विकत मिळायचं, आता भाड्याने मिळतं, कार्डाची तारीख संपते, मग प्रती काढाव्या लागतात, अक्षरांच्या रेघा कराव्या लागतात, पानावरचं येतं, पानाबाहेरचं येत नाही, क्लाउड असा असतो, नियम असे असतात... मनातली सगळी मळमळ बाहेर. तुम्हाला सांगतो बाबा, काम माझं, किल्ली... आणि बघतो तर घोरतायत! पूर्ण घोरतायत. गालाखाली हात गेलेला, गुडघा वर, पाऊल गादीबाहेर. अख्ख्या घराने दोन दिवस जंग जंग पछाडलं आणि झोप कशाने आली, तर माझ्या दुःखाने!

पेन्सिल सापडेना. बायकोचा प्रयोगशाळेतला काळा मार्कर होता, बाटल्यांवर लिहायचा, तो उचलला आणि गादीच्याच खाकी कागदावर, गुडघ्यांवर रांगत, काढली. एकदाच. कानापासून अंगठ्यापर्यंत. मध्ये उचलली नाही. श्वाससुद्धा घेतला की नाही, आठवत नाही. बायको दारात उभी होती, ती नुसती "झालं" म्हणाली. पाटीवाला येऊन कागद गुंडाळून घेऊन गेला.

रविवारी उद्घाटनाला सगळे गेलो. पाटी लागलेली, दिवे लागलेले, बारा फुटी सासरे हमरस्त्यावर निवांत पडलेले, आणि खाली सासरे, इस्त्रीच्या शर्टात, येणाऱ्या-जाणाऱ्याला बाजूला होऊन पाटी दाखवतायत. शेठच्या आई गाडीतून उतरल्या, मान वर केली, बघितलं, आणि काय छान जांभई दिली हो! मग शेठकडे वळून म्हणाल्या, "हेच ते. मी सांगत होते ना, पहिलंच बरं होतं."

मी मनातल्या मनात म्हटलं, हे पहिलं नाही, आजी. पहिल्यातली कपाळावरची रेघ मोकळी होती. ह्यातल्या माणसाच्या कपाळावर एक बारीक आठी आहे, जावयाचं गाऱ्हाणं ऐकत झोपी गेलेल्या माणसाच्या असते तशी. ती आठी जाताना-येताना फक्त मला दिसते. बाकी सगळ्यांना तोच माणूस वाटतो, आणि खरं सांगायचं तर आता मला स्वतःलाही पहिली रेघ नीट आठवत नाही. तिची आठवण म्हणून "नमुना" लिहिलेलं नखाएवढं चित्र तेवढं आहे. ते मात्र मी चार ठिकाणी ठेवलंय.

तेव्हापासून शहाणा झालोय. आता पानाबाहेर काही ठेवत नाही. नापसंत झालेल्यालाही स्वतःचं पान, स्वतःचं नाव, बायकोच्या पद्धतीने. कार्डाची तारीख भिंतीवर. चष्म्याच्या बाई पुन्हा आल्या तेव्हा मी हात वर करून शंका विचारली, चहा निवला तरी खाली बसलो नाही.

पण शांती नाही हो! कारण सासरे आता दुपारचे झोपत नाहीत. म्हणतात, "रस्त्यावर चोवीस तास झोपलेलोच आहे की, आता घरी कशाला?" दिवाणावर बसतात. उशी पाठीला, चष्मा नाकावर, आणि नजर कुठे, तर माझ्या खांद्यावरून थेट स्क्रीनवर. मी एक रेघ काढतो. मागे शांतता. ती खोडून दुसरी काढतो, जरा वळण देतो, रंग बदलतो... आणि मागून, लिफ्टवर सही करावी तशा आवाजात येतं, "जावईबापू, पहिलंच बरं होतं."

रोज! प्रत्येक रेघेला! मी खूप शोधलं, तुम्हाला सांगतो, हे रद्द करायचं बटण कुठे मिळतंय का... पण काय आहे, हे सदस्यत्व बायकोच्या नावावर आहे.